दोनशे चौदा नंबरची शीट

बुधवार, १७ ऑगस्ट २०२२

पुन्हा लगदा! सकाळी अकराला आमच्या पीएचडीच्या पोरीने, खेवनाने, दोनशे तेरा नंबरच्या शीटचा तुकडा डीएमएफमध्ये टाकला. पाच वाजता उचलायला गेली तर चिमट्याला शेंबडासारखं काहीतरी लोंबत होतं. बिचारी चिमटा तसाच हातात धरून उभी. "बेन, हिला तर सहा तासही निघाले नाहीत."

साडेचार वर्षं झाली. आणि मागणं काय, तर चहाच्या गाळणीएवढं! औषध वर राहावं, डीएमएफ खाली गळावं. फक्त गाळणीने स्वतः चहात विरघळू नये, बस्स. पण औषध ज्यात विरघळलेलं असतं ते हे डीएमएफ म्हणजे राक्षस आहे. पेनाचं टोपण खातं, खुर्चीचा हात खातं, गेल्या वर्षी माझ्या चपलेचा अंगठा खाल्ला. अंकलेश्वरचे औषधवाले ते उकळून उडवतात, आणि त्या आचेने निम्मं औषधच बिघडतं. म्हणून त्यांना आमची शीट हवी. आणि आमची शीट ही अशी!

दुपारी डायरेक्टरांनी आमच्या विभागाच्या वसावडासाहेबांना बोलावलं. परत आले ते सरळ हॉलमध्ये, माझ्या मशीनपाशी. म्हणाले, "डिसेंबरअखेरपर्यंत कारखान्यात सलग शंभर तास टिकली तर ठीक. नाहीतर हॉल दुसऱ्या विभागाला. मशीन सुटं करून भंगारात. मी तर रिटायरच होतोय, बेन. तुम्हाला स्टोअरमध्ये घेतील."

स्टोअरमध्ये! बावीस वर्षं त्या पात्याखालून कापड सरकवतेय मी. पाणी शुद्ध करायच्या शीटा माझ्या हातच्या, अर्ध्या काठियावाडाने त्यांचं पाणी प्यायलंय. आणि आता फिनेलच्या बाटल्या मोजत बसू? मी काही बोलले नाही. बोलले असते तर डायरेक्टरांपर्यंत ऐकू गेलं असतं.

घरी येऊन तळण काढलं. आज रांधण छठ, उद्या शीतळामातेची सातम, विस्तव पेटवायचा नाही. थेपले, गोड पुऱ्या, वडे — उद्याचं सगळं आजच. निघताना साहेबांनी टोमणा मारलाच, "उद्या तुमच्या चुलीला सुट्टी ना? चुलीलाही रजा मिळते, मला मिळत नाही." आणि मग नेहमीचं — "बेन, देवीचा रोग जगातून जाऊन चाळीस वर्षं झाली. तुमच्या शीतळामातेला कोणी कळवलं नाही का?"

हसले मी. पण रागही आला. बायको, सुधाबेन, गेल्यापासून हा माणूस डबेवाल्याचं खातो, एकटा राहतो, म्हणून ऐकून घेते.

गुरुवार, १८ ऑगस्ट

शीतळा सातम. पहाटे बाजरीचं पीठ आणि गुळाच्या कुलेरचा नैवेद्य दाखवला, थंड थेपले-दही डब्यात भरलं आणि लॅबला. आमच्या संस्थेला सातमची सुट्टी नाही. सुट्टी उद्या आठमची, जन्माष्टमीची, मग शनिवार-रविवार.

मशीन आज लाडात होतं. पावडरचा दाट घोळ कापडावर असा पसरला की सायच! दोनशे चौदा नंबर. पाण्याच्या टाकीत उतरली आणि बघता बघता पांढरीशुभ्र झाली. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. मग ती गाठवणीच्या टाकीत सोडली.

गाठवणी हा माझा शब्द. साहेबांचा शब्द म्हणताना माझी जीभ वळत नाही. स्पिरिटमध्ये कालवलेलं रसायन ते. शीटच्या आत लांब लांब साखळ्या असतात, त्यांना एकमेकींशी गाठी मारतं, म्हणजे शीट विरघळत नाही. नियम काय, तर साठ अंशावर दोन तास. टाकीखाली हीटर, भिंतीवर लाल बटण. आतापर्यंत सातमला असं काही असलं तर कनुभाई दाबायचे. ते एप्रिलमध्ये रिटायर झाले. साहेब दिवसभर मीटिंगमध्ये, खेवना मेळ्यासाठी दुपारीच गावाला पळालेली.

हात गेला नाही.

खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचणार आहे. दिव्येश आठ महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. सातमला सासूबाई नको म्हणत असताना मी शिकलेली, डिप्लोमावाली, स्टोव्ह पेटवून त्याचं दूध गरम केलं. चौथ्या दिवशी अंगभर गोवर. पंधरा दिवस लेकरू तापाने फणफणलं. मला ठाऊक आहे गोवर दुधाने होत नाही! कशाने होतो तेही ठाऊक आहे. पण सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, तेच मनात बसलं. बोलल्या असत्या तर भांडून मोकळी झाले असते. तेव्हापासून सातमला मी इस्त्रीचं बटणसुद्धा दाबत नाही.

म्हटलं, सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गरम करीन. कोणाला काय कळतंय!

एकच घोळ आहे. रजिस्टर मी सकाळीच भरून ठेवते. बावीस वर्षांची सवय. 'साठ अंश, दोन तास, र. क. बारैया' लिहून सही करून मोकळी झालेय.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

मेळा! पाळण्यात बसले. हे खालून ओरडत होते, "अगं, डोळे तरी उघड!"

सोमवार, २२ ऑगस्ट

सव्वाआठला पोचले. आणि ही पोरगी माझ्याआधी हजर! शीट बाहेर, धुतलेली, गोल तुकडे कापलेले, गाठवणी ओतून दिलेली, टाकी घासून पालथी.

"बेन, तुम्ही गुरुवारीच गरम करून ठेवलीत ना, रजिस्टरमध्ये बघितलं. म्हटलं, आपण लवकर आवरून टाकू!"

मी "हं" म्हटलं. एवढंच. सांगायचं होतं, पण साहेब मागून आले, आणि मला सकाळी सकाळी शीतळामातेवर भाषण नको होतं. तशीही ती विरघळणारच. दोनशे तेरा गेल्या, ही एक जास्त.

मंगळवार, २३ ऑगस्ट

विरघळली नाही.

बुधवार, २४ ऑगस्ट

विरघळली नाही!! काल सकाळी टाकली, एक दिवस आणि दोन तास झाले. चिमट्याने वाकवली, कुरकुरीत. खेवनाने नखाने ओरखडून पाहिली, "बेन, ही तर कडक पापडासारखी आहे!" मग दाबाखाली लावली. वर लाल रंग घातलेलं डीएमएफ. खाली काय आलं? पाणी! म्हणजे डीएमएफच, पण असं स्वच्छ की नळाचं पाणी वाटावं. लालचा टिपूस नाही.

खेवनाने बाटली उजेडात धरली आणि किंचाळली. वरच्या मजल्यावरून लोक धावत आले, त्यांना वाटलं आग लागली.

शुक्रवार, २६ ऑगस्ट

बहात्तर तास! वर लाल, खाली स्वच्छ. आतापर्यंत सगळ्यात चांगली शीट सहा तास टिकली होती.

साहेबांनी पेढे आणले. स्वतः! या माणसाने बावीस वर्षांत कोणाच्या लग्नातही गोड खाल्लेलं मी पाहिलं नाही. आज दोन पेढे खाल्ले. डायरेक्टर येऊन बाटली बघून गेले. मशीनला टिळा लावला खेवनाने, तर साहेब काही बोलले नाहीत!

मग मला बाजूला घेऊन विचारलं, "रंजनबेन, या शीटमध्ये काही वेगळं केलं होतं?"

"नाही, साहेब."

"नीट आठवा."

"नेहमीसारखीच केली."

माझ्या हातात त्यांनीच दिलेला पेढा होता. तो तसाच डब्यात ठेवून दिला. पण माझंही चुकतंय कुठे? गरम न करता चांगली झाली असेल असं कोण म्हणेल! दोन वर्षांपूर्वी थंड ठेवून पाहिली होतीच की, दोन तासांत काढली, डीएमएफमध्ये विरघळून गेली. घोळच चांगला जमला असेल त्या दिवशी. परत जमेल.

मंगळवार, ३० ऑगस्ट

दोनशे पंधरा. लगदा.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

दोनशे चोवीसपण लगदा. साहेब एकेक गोष्ट तपासतायत. पावडरची बाटली कुठल्या लॉटची, त्या दिवशी हवा किती दमट, पाणी कुठल्या टाकीतलं, कापडाचा गठ्ठा कुठला. मला म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी पातं बदललं होतं?" नाही. "घोळ जास्त ढवळला?" नाही. सगळ्याला खरं उत्तर देते मी! फक्त बटणाबद्दल कोणी विचारत नाही, कारण ते रजिस्टरमध्ये लिहिलंय. आणि रंजनबेनचं रजिस्टर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला.

सोमवार, १२ सप्टेंबर

आज सांगते.

नाही सांगितलं.

गुरुवार, १५ सप्टेंबर

दोनशे एकतीस. सतरावी. लगदा.

दुपारी डायरेक्टरांनी तिघांना बोलावलं. अंकलेश्वरवाल्यांना काय कळवायचं, तारीख मागतायत. मग म्हणाले, "वसावडा, सरळ बोलू? एकदाच आलेला निकाल हा निकाल नसतो. नमुने बदलले असतील. ही मुलगी सकाळी आठला एकटीच आली होती ना त्या दिवशी?"

खेवनाचा चेहरा! पांढराफटक पडला. म्हणाली, "सर, मी कशाला बदलीन?" डायरेक्टर म्हणाले, "मुद्दाम म्हणत नाही. चुकून. तसं लिहून द्या, विषय संपवू." साहेब गप्प. मी गप्प.

बाहेर येऊन ती जिन्यात बसली आणि रडली. थिसिस आहे तिची. 'चुकून नमुने बदलले' असं एकदा कागदावर आलं की जन्मभर चिकटलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच हाताची मला लाज वाटली.

बस झालं. उद्या.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

सांगितलं.

दहा वाजता दोघांना हॉलमध्ये बोलावलं. दार लावलं. साहेब म्हणाले, "एवढं काय गुपित?"

"साहेब, बटण दाबलं नव्हतं."

"कुठलं बटण?"

"गाठवणीचं. सातम होती. शीट गुरुवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत थंड टाकीत पडून होती. रजिस्टर मी सवयीने आधीच भरलं होतं. खेवनाने काही बदललं नाही. जे खोटं आहे ते माझ्या अक्षरात आहे."

मग खेवना सुटली. "बेन!! सतरा शीटा! तीन आठवडे मी जेवलेले नाही नीट! आई म्हणते तुझं वजन उतरलं! आणि तुम्ही रोज मला डब्यातले थेपले खाऊ घालत होतात, आणि मनात हे होतं?" बोल म्हटलं, सगळं बोल. पाच मिनिटं बोलली. मग अचानक थांबली. डोळे मोठे. "साडेतीन दिवस... बेन, साडेतीन दिवस! साहेब, तेच असणार! गरम टाकीत वरच्या थराला घाईघाईने गाठी बसतात, वाट बंद होते, रसायन आत पोचतच नाही! आतून शीट कच्चीच राहते, म्हणून विरघळते! थंडीत ते सावकाश पार आतपर्यंत गेलं असणार!"

साहेब ओरडले नाहीत. ओरडतील म्हणून मी तयारीने गेले होते, उत्तरंही पाठ होती. त्यांनी फक्त विचारलं, "इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"हसला असतात तुम्ही."

म्हणाले, "रजिस्टर आणा." माझ्याकडूनच ती ओळ खोडून घेतली. खाली खरं लिहायला लावलं, आजची तारीख, सही. वाटलं, आता मेमो. तर म्हणाले, "आज शुक्रवार. शीट तयार आहे?"

"आहे. दोनशे बत्तीस."

"टाका. सोमवारपर्यंत त्या बटणाला कोणी हात लावायचा नाही."

आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, पाठ करून, पंधरा मिनिटं. खेवना म्हणाली, "रागावलेत." असणारच.

डायरेक्टरांना त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही. पण खेवनाचं नाव परत निघालं नाही.

मंगळवार, २० सप्टेंबर

दोनशे बत्तीस. एक दिवस झाला. कडक!

गुरुवार, २२ सप्टेंबर

बहात्तर तास!!! वर लाल, खाली स्वच्छ! खेवनाने मला उचललं! खरंच उचललं, एवढीशी पोर आणि मी केवढी!

घरी ह्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं. जेवता जेवता ऐकलं आणि ठसका लागेपर्यंत हसले. "म्हणजे काही न केल्याबद्दल शाबासकी मिळालेली तू आपल्या जातीतली पहिली बाई!"

शनिवार, १ ऑक्टोबर

दोनशे तेहतीस, चौतीस, पस्तीस. तिन्ही टिकल्या. आता योगायोग म्हणायची कोणाची टाप आहे?

नवरात्र चालू आहे. काल गरब्यात गुडघ्याची पर्वा केली नाही. माहेरच्या, घोघ्याच्या बायका म्हणाल्या, "रंजन, लॉटरी लागली की काय?" म्हटलं, त्याहून मोठं.

साहेबांनी इलेक्ट्रिशियन बोलावून हीटरची तारच काढून टाकली. "मोह नको," म्हणाले. खेवनाने लाल बटणावर झेंडूचं फूल चिकटवलं. मी काढायला गेले तर म्हणाली, "राहू द्या बेन, न वापरता उपयोगी पडलेलं हे जगातलं पहिलं बटण आहे."

बुधवार, १२ ऑक्टोबर

आज चाळीस मीटर! एका दमात! मी पात्यापाशी, खेवना टाकीपाशी, साहेब गुंडाळीपाशी — सुपरवायझर नाही, मजुरासारखे, बाह्या वर करून. एकदा घोळ संपत आला तर मी ओरडले, "ओता!" आणि शास्त्रज्ञाने मुकाट्याने ओतला. मजा आली.

संध्याकाळी अंकलेश्वरहून सावलियांचा फोन. कारखान्याचे इंजिनियर ते. माणूस भला पण घायकुता. "बेन, चार दिवस फार होतात हो. जरा चाळीस अंशावर ठेवून बघा ना, दोन दिवसांत आटपेल."

"सावलियाभाई, घरात दही कोण लावतं?"

"मिसेस."

"तिला सांगून बघा, विरजण लावल्यावर पातेलं गॅसवर ठेव, लवकर होईल. काय म्हणते ते मला कळवा."

परत फोन नाही आला.

सोमवार, १४ नोव्हेंबर

घोघ्याहून जहाजाने खाडीपलीकडे हजीरा, तिथून गाडीने अंकलेश्वर. शीट आता नळीभोवती गुंडाळून, चिकटवून, माणसाच्या उंचीचा लोड झालाय. ट्रक जहाजाच्या पोटात. मी वर बसलेच नाही, ट्रकपाशीच उभी राहिले. खलाशी ओळखीचा निघाला, माहेरच्या गल्लीतला. "रंजनबेन, आत काय आहे, सोनं?" म्हटलं, "सोनं डीएमएफमध्ये टाकायला माझी हरकत नाही. हे टाकताना जीव जातोय."

साहेबांना जहाज लागलं. लिंबू चाटत बसले होते बिचारे.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

दोन वाजता सुरू. वर औषध घातलेलं पिवळं डीएमएफ, खाली स्वच्छ. शंभर तास हवेत. रिॲक्टरचा तो सगळा खडखडाट आणि आमची एक इवलीशी नळी टिप टिप. सगळे येऊन बघून जातात. एका ऑपरेटरने विचारलं, "उकळत नाही? नुसतं गळतं? मग आम्ही काय करायचं?" तू गाठिया खात बस म्हटलं.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

सकाळी पावणेदहाला, चव्वेचाळिसाव्या तासाला, खाली पिवळं आलं. आधी फिकं. मग चांगलंच पिवळं.

सावलिया म्हणाले, "गेली, बेन." साहेब उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसले. त्यांचा चेहरा बघवेना. खेवना रडायच्या बेतात. माझ्या डोळ्यांपुढे स्टोअरचं टेबल आलं, फिनेलच्या बाटल्यांसकट.

आणि मग माझं डोकं फिरलं! चार दिवस थंडीत बसलेली गाठ चव्वेचाळीस तासांत सुटते? माझ्या हातची? म्हटलं, "उघडा."

"बेन, उघडलं की तास मोडले."

"उघडा म्हणते ना!"

उघडलं. शीटला हात लावला — खणखणीत! कडेने पाहिलं, तर टोकाची कडी. पांढरी कडी बसवायची असते, जिला डीएमएफ खात नाही. इथे काळ्या रबराची, आणि ती फुगून गुलाबजामासारखी झालेली! पिवळं तिच्या बाजूने गळत होतं, शीटमधून नाही. फिटरला बोलावलं. म्हणाला, "पांढरी बसता बसेना, बेन. आपल्याकडे सगळीकडे काळीच लावतो." सगळीकडे काळीच! त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. नंतर त्यालाच चहा पाजला. सवयीने केलं बिचाऱ्याने, आणि सवयीबद्दल कोणाला ओरडायचा मला काय हक्क!

पांढरी कडी लावली. सावलिया भीत भीत म्हणाले, "चव्वेचाळिसापासून पुढे मोजू, कोणाला सांगायची गरज नाही."

"शून्यापासून," मी म्हटलं. साहेब काही म्हणायच्या आधीच म्हटलं. रजिस्टरमध्येही लिहिलं, कडी चुकली, उघडलं, शून्य. बरोबर बारा वाजता चालू केलं.

सोमवार, २१ नोव्हेंबर

शंभर!!!

चार वाजता. वर घट्ट पिवळं, खाली काचेसारखं. सावलियांच्या लॅबने तपासलं: शंभरातले नव्व्याण्णव भाग औषध वरच, जसंच्या तसं, काही बिघडलेलं नाही! आणि खालचं डीएमएफ इतकं शुद्ध की उद्याच परत वापरणार. सगळा प्लांट गोळा झाला. फिटर सगळ्यात पुढे, जणू त्यानेच केलं. जिलेबी-फाफडा आला, मोठ्या मोठ्या परातींमधून. खेवना नाचली. मीही नाचले. इंजिनियर, ऑपरेटर, टोप्या घातलेले, चष्मे लावलेले सगळे रिॲक्टरांच्या मधल्या रस्त्यावर गरबा! सावलिया तर असा गिरकी घेत होते की दोनदा पाइपवर आपटले.

साहेबांनी माझा हात हातात घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "बेन, मी चौतीस वर्षं शीटा बनवल्या. ही तुमची आहे." मी त्यांच्या हातावर एक जिलेबी ठेवली.

बंद करायचं कोणाच्याही जिवावर येत होतं. चालूच आहे अजून.

सोमवार, २८ नोव्हेंबर

ऑर्डर आली. हॉल राहणार. मशीन राहणार. दुसरं मोठं मशीन येणार. हॉल-प्रमुख: र. क. बारैया. दोनदा वाचली, मग खेवनाकडून वाचून घेतली. पेटंटच्या अर्जात तीन नावं आहेत, पहिलं माझं. साहेबांनीच तसा क्रम लावला.

मशीनचं पातं स्वतः पुसलं. शिपायाला हात लावू दिला नाही.

ह्यांनी संध्याकाळी पाव-गाठिया आणले, भरपूर चटणी घालून. दिव्येशचा सुरतेहून फोन — "मम्मी, तू आता साहेब?" म्हटलं, हो. उद्यापासून फोनवर 'जी' म्हणायचं.

शुक्रवार, ३० डिसेंबर

साहेबांचा निरोपसमारंभ. शाल, हार, डायरेक्टरांचं लांबलचक भाषण. नंतर ते एकटेच हॉलमध्ये आले, हार गळ्यात तसाच. म्हणाले, "बेन, एक सांगायचं राहिलंय. त्या सातमला चष्मा विसरला म्हणून मी साडेपाचला परत आलो होतो. टाकीत शीट होती. हीटर बंद होता. बटणापर्यंत हात नेला मी."

"मग?"

"घरीही त्या दिवशी गॅस पेटवला नव्हता. सुधा असताना तिला इतका हसायचो... आणि दोन वर्षं झाली, मीच थंड खातो सातमला. नाही दाबलं गेलं. पुढे तुम्ही सांगाल त्याची वाट बघत राहिलो. नाही, हेही खोटं. लाज वाटत होती."

सतरा शीटा! खेवनाचे ते तीन आठवडे! माझी झोप! हार घातलेल्या माणसावर मी असा काही आवाज चढवला की बाहेरचे लोक दारात जमले. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि ऐकता ऐकता रडत होते, आणि कधी कोण जाणे, मीही.

मग कपाटातून रजिस्टर काढलं. अठरा ऑगस्टचं पान. माझ्या खोडलेल्या ओळीखाली त्यांना लिहायला लावलं, 'साडेपाच वाजता पाहिलं, बटण दाबलं नाही', आणि सही घेतली.